कोयता, पाचर आणि उसाचे बुड



"ऊस जमिनीलगत तोडा" हे आम्ही दर हंगामाला सांगतो, आणि तरी फडात चार-चार बोटांची खोडकी उभी दिसतात. दोष तोडणाऱ्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो हत्याराचा असतो. म्हणून कोयता कसा कापतो ते थोडे पाहू.

कोणतीही धार म्हणजे पाचरच. पाचरीचा उतार 30 मिलिमीटर लांब आणि मागची जाडी 6 मिलिमीटर असली, तर घर्षण सोडून जोर 5 पट होतो. जाडी 3 वर आणली तर 10 पट. मग पाते कागदासारखे का करू नये? तर अशी धार पहिल्याच खड्याला दुमडते. लाकूड फोडायची कुऱ्हाड म्हणूनच जाड असते, तिला कापायचे कमी आणि फाकवायचे जास्त असते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगल भागातला मानवेल बांबू आणि आपला ऊस दोन्ही गवतकुळातले, म्हणजे भाऊबंदच. तिकडे बुरूड कारागीर बांबू चिरताना धारेने फक्त तोंड पाडतो. पुढे पाते रेटले की धागे आपणच विलग होत जातात. पण तोच बांबू आडवा तोडायचा तर एकेक धागा कापावा लागतो, तिथे धारच पाहिजे. बोथट पाते धागा कापत नाही, फाकवते. ऊसतोड ही आडवी तोड. बुड फाटते ते यामुळेच.

आता तरफ. अडकित्त्यात बिजागरीपासून सुपारी 3 सेंटिमीटरवर आणि हात 15 वर असेल तर जोर 5 पट मिळतो. कोयत्याचे उलट आहे. हात जवळ, टोक लांब. जोर वाढत नाही, वेग वाढतो. आणि तोच हवा. ऊस हळू दाबला तर वाकतो. झपकन घाव बसला तर त्याला वाकायला सवड मिळत नाही.

घाव कुठे घालावा यात मात्र दोघा भावांचे पटत नाही. बांबू जमिनीपासून 15 ते 45 सेंटिमीटरवर, एक कांडी राखून तोडतात. उसाला हे लावू नका! पक्व उसाच्या खालच्या कांड्यांत साखर अधिक, आणि खोडव्याचा जोमदार फुटवा जमिनीखालच्या डोळ्यांतून येतो. अडीच मीटर उसात 10 सेंटिमीटर बुड राहिले तर ते 4 टक्के झाले. एकरी 40 टन धरले तर 1.6 टन, बुड जाड, म्हणजे प्रत्यक्षात थोडे जास्तच.

धार लावताना कानस दोन्ही अंगांनी सारख्या तिरकसपणे फिरवावी. वीजेच्या सहाणेवर लावलीत तर पाते मधूनमधून पाण्यात बुडवा; निळे पडले की लोहाराने दिलेले पाणी उतरले समजा. आणि तोडणीच्या पहिल्याच दिवशी फडात जाऊन दहा-बारा खोडकी पाहावीत. काप गुळगुळीत असेल तर ठीक, चिरफाळ्या दिसल्या तर तिथेच टोळीला कानस काढायला सांगावे.