शिवारांतील बिनतारी संभाषण व त्याच्या रीती

नदीवर पंप, बांधावर स्टार्टर आणि दारें धरणारा मनुष्य दूर शेतांत, अशी स्थिति आमच्या नांदगांव तालुक्यांत पुष्कळ शेतकऱ्यांची असते. रात्रीं वीज आली म्हणजे इतक्या दूर हाक पोंचत नाहीं, व खोलगट जागीं मोबाइलास रेंज मिळतेच असें नाहीं. अशा कामीं बिनतारी हातयंत्र, म्हणजे वॉकीटॉकी, उपयोगी पडतें. मात्र मधें टेकडी आली कीं आवाज तुटतो, हें ध्यानांत ठेवावें.

प्रथम कायदा पाहूं. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा नागरी पट्टा ५ वॅटपर्यंतच्या यंत्रांस २००५ सालच्या नियमांनीं परवान्यावांचून खुला झाला. पुढें २०१८ सालीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टाही अल्प शक्तीच्या यंत्रांस मिळाला. परवाना नको, तरी यंत्राचा नमुना सरकारमान्य असला पाहिजे. अमेरिकेंतील नागरी पट्ट्यांत १९७७ सालापासून ४० चॅनेल आहेत. त्यांपैकीं २८ वें चॅनेल २७.२८५ वर, म्हणजे आपल्या हद्दीबाहेर पडतें. म्हणून नातलगानें परदेशांतून आणलेलें यंत्र तसेंच वापरूं नये.

या यंत्रांत एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. कळ दाबली असतां ऐकूं येत नाहीं. सोडली असतां बोलतां येत नाहीं. आमच्या येथें एकदां फूटव्हॉल्व्ह साफ करण्यास गडी पाण्यांत उतरला होता. आम्ही स्टार्टरजवळ असलेल्या पुतण्यास ‘मोटर चालू करूं नको’ असें सांगितलें; पण ‘नको’ म्हणण्यापूर्वींच आमच्या हातून कळ सुटली. सुदैवानें त्यानें ‘करूं ना, काका?’ असें उलट विचारलें, म्हणून अनर्थ टळला. मराठींत नकार वाक्याच्या शेवटीं येतो, आणि बिनतारीवर घाईनें तुटतें तें वाक्याचें टोंकच. यास्तव पुढील नियम पाळावे:

१. कळ दाबून क्षणभर थांबावें, मग बोलावें. शेवटचा शब्द पुरा झाल्यावरच कळ सोडावी.

२. नकार ‘थांबा’, ‘बंद ठेवा’ अशा शब्दांनीं व दोनदां सांगावा. ऐकणारानें तोच शब्द परत म्हणून दाखवावा. शब्द अर्धवट आल्यास कांहींच करूं नये, पुन्हां विचारावें.

३. दुसऱ्याचें बोलणें चालू नाहीं हें आधीं ऐकून घ्यावें. ज्यास हांक मारावयाची त्याचें नांव प्रथम, मग आपलें. बोलणें थोडक्यांत आटोपून ‘ओव्हर’ म्हणावें.

४. सर्पदंश, आग किंवा बिबट्या यांची वर्दी आली कीं इतरांनीं तत्काळ गप्प राहावें.

५. मालाचा भाव, पैसा व घरची गोष्ट बोलूं नये. त्या चॅनेलवर असलेल्या कोणासही ती ऐकूं जाते. शिवीगाळ व गाणीं वर्ज्यच.

चॅनेल हें कोणाच्या सातबाऱ्यावरील क्षेत्र नव्हे. तें गांवच्या पाणंदीसारखें सामाईक आहे, आणि पाणंदींत गाडी आडवी लावणें शोभत नाहीं. शेवटीं एक सूचना: पाण्यांत कोणी उतरण्यापूर्वीं फ्यूज काढून उतरणाराच्याच हातीं द्यावे. आम्ही आतां तसेंच करितों. बिनतारीवरील शब्द कितीही स्पष्ट आला, तरी जिवाचा भरंवसा त्याच्यावर ठेवूं नये.