आधी नकाराची ओळ वाच

‘सेटएन्फोर्स शून्य कर, सगळं चालू होते,’ हे तुला ज्यानं सांगितलं त्यानं स्वतःची झोप वाचवली आणि तुझ्या गळ्यात घोंगडं टाकलं. चालू होते, हे खरंच आहे. त्या एका आज्ञेनंतर सेलिनक्स नकार द्यायचं सोडून नुसत्या नोंदी करत बसते. पण मोकळा फक्त तुझा देखरेखीचा झॅबिक्स एजंट होत नाही. त्याच सर्व्हरवरचा वेबसर्व्हर, डेटाबेस, मेलसेवा, सगळ्यांचीच बंधनं सुटतात. एका एजंटापायी एवढं कायले माय?

पातूरला घरी बसून तू पुण्याच्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतेस, याचं आईला किती कौतुक आहे ते तुला दिसत नसेल. रेणुकामातेच्या टेकडीवर जी बाई भेटेल तिला ती सांगते. पण लाइट गेली की इन्व्हर्टर, नेट गेलं की मोबाइलचं हॉटस्पॉट, आणि त्यात रात्री दोनला अलर्ट, हे सगळं तुझं तुलाच निस्तरावं लागते. अशा वेळी हात सोप्या वाटेकडेच जातो. म्हणून आता दिवसाउजेडी, निवांत सांगते.

लिनक्सची रोजची परवानगी तुला येतेच. फाइलचा मालक ठरवेल तसं, आणि रूटला सगळं माफ. सेलिनक्सचं तसं नाही. तिथं प्रत्येक प्रोसेसला एक लेबल, प्रत्येक फाइलला आणि पोर्टला एक लेबल, आणि कोणत्या लेबलनं कोणत्या लेबलशी काय करावं याचा नियम धोरणात लिहिलेला. नियम नसेल तर नाही म्हणजे नाही, मग प्रोसेस रूटची का असेना. अमेरिकेच्या एनएसएनं हे डिसेंबर 2000 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, 2003 मध्ये ते कर्नलच्या 2.6 मालिकेत आलं आणि 2004 च्या फेडोरा कोअर 3 पासून सुरुवातीलाच चालू असू लागलं. अँड्रॉइडनंही ते घेतलं. 2014 च्या 5.0 आवृत्तीपासून तिथं पूर्ण सक्ती आहे. म्हणजे आई ज्या फोनवर कीर्तन ऐकते त्यातही हेच चालू आहे, आणि तिथं कोणी ते बंद करायला सांगत नाही.

आता तुझ्या एजंटाकडे ये. देखरेखीच्या डिमनची खोड ही की त्याला सगळीकडे डोकावायचं असते. डिस्क किती भरली, प्रोसेस किती, लॉगमध्ये काय आलं. म्हणून त्याला भरभरून परवानग्या द्यायचा मोह सगळ्यात जास्त होतो, आणि म्हणूनच तिथं सगळ्यात जास्त जपावं लागते. महावितरणचा माणूस मीटरचं रीडिंग घ्यायला येतो, त्याला ओसरीपर्यंत येऊ दिलं की काम होते; स्वयंपाकघर दाखवायची गरज नसते. 2020 च्या डिसेंबरात सोलरविंड्सचं प्रकरण उघडकीला आलं, ते आठव. त्यांचं ओरायन हे देखरेखीचंच सॉफ्टवेअर. त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता, आणि ते अपडेट 18,000 पर्यंत ग्राहकांकडे पोचलं असावं असं खुद्द कंपनीनं सांगितलं. ओरायन विंडोजवर चालायचं आणि सेलिनक्स असतं तर ते टळलं असतं असा माझा दावा नाही. पण सगळीकडे पोच असलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती गेलं की काय होते, ते तिथं दिसलं.

तू पाठवलेली ऑडिट लॉगमधली नकाराची ओळ मी नीट पाहिली. तीत नाकारलेली क्रिया ‘एक्झिक्यूट’ आहे. कॉमच्या पुढे ‘एसएच’ आहे, कारण युजरपॅरामीटरची आज्ञा, म्हणजे इथं तुझी स्क्रिप्ट, एजंट शेलमार्फतच चालवतो. मागणाऱ्याचं लेबल झॅबिक्स_एजंट_टी, आणि ज्या फाइलवर हात टाकला तिचं लेबल युजर_होम_टी. इथंच थांब. तुझी स्क्रिप्ट तर यूएसआर-लोकल-बिनमध्ये आहे ना? मग तिच्या अंगावर होम डिरेक्टरीचं लेबल कसं? कारण ती तू आधी तुझ्या होममध्ये लिहिलीस आणि एमव्हीनं उचलून तिकडे ठेवलीस. एमव्ही जुनं लेबल सोबत घेऊन जाते. सीपीनं नवी प्रत केली असती तर तिला नव्या जागेचं लेबल मिळालं असतं. रिस्टोरकॉन चालव, लेबल बिन_टी होईल आणि काम होईल. धोरणाला बोटही लावायचं नाही.

नकार आला की धोरणच चुकलं असं धरून चालू नकोस. आधी लेबल पाहायचं. मग पोर्ट. एजंटाचा ठरलेला पोर्ट 10050 आहे. तो बदलला असशील तर सेमॅनेजनं नव्या पोर्टला लेबल दे. मग बुलियन, म्हणजे धोरणातली चालू-बंद बटणं, पाहा; गेटसेबूलनं यादी मिळते. एवढं करूनही भागलं नाही, तरच नवा नियम लिहायचा.

आणि नियम लिहिताना ऑडिट-टू-अलाउवर डोळे मिटून विसंबू नकोस. ते बिचारं फक्त लॉगात जे जे नाकारलं ते ते मंजूर करून देते. मागणी योग्य होती की नाही हे त्याला कळत नाही. युजर_होम_टीच्या त्या ओळीवर चालवलं असतंस तर सगळ्यांच्या होममधल्या फाइली चालवायची मुभा एजंटाला मिळाली असती. म्हणून त्यानं बनवलेली टीई फाइल आधी उघड आणि एकेक ओळ वाच. ‘गेटअ‍ॅट्र’ असेल तर फाइलचा आकार, तारीख, मालक एवढंच विचारलं आहे; ‘रीड’ असेल तर आतला मजकूर मागितला आहे. डिस्क मोजणाऱ्या स्क्रिप्टला पासवर्डांच्या शॅडो फाइलचं रीड कायले पाहिजे? सीस_पीट्रेस दिसलं तर दुप्पट सावध हो. पीएससारखी साधी आज्ञा चालवली तरी कधी कधी ही मागणी लॉगात येते. पण पीट्रेसचा पूर्ण हक्क म्हणजे दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीत हात घालायची सोय. नुसती स्थिती वाचायला धोरणाच्या भांडारात वेगळा तयार इंटरफेस आहे, डोमेन_रीड_ऑल_डोमेन्स_स्टेट नावाचा. तो घे.

चाचणी करायची तर पूर्ण सर्व्हर ढिला सोडू नकोस. सेमॅनेज परमिसिव्हनं एकटं झॅबिक्स_एजंट_टी हे डोमेन मोकळं ठेव, बाकी सगळे बंधनातच राहू दे. आठवडाभराच्या नोंदी गोळा कर, बॅकअपची रात्र आणि महिनाअखेर त्यात आली तर बरंच. स्क्रिप्ट चालत नाही आणि लॉगात तर काहीच नाही, असंही होईल. काही नकार डोन्टऑडिट नियमांमुळे लिहिलेच जात नाहीत. सेमॉड्यूलला डीबी पर्याय देऊन ते नियम थोडा वेळ उठव, काय ते पाहून घे आणि नुसत्या बी पर्यायानं परत बसव. विसरलीस तर लॉग भरून वाहील. ऑडिट लॉगची मूळ मर्यादा 8 एमबीच्या 5 फाइली एवढीच असते. त्यात रोजच्या कटकटीच्या नोंदी भरल्या की कामाची ओळ मागे पडून पुसली जाते. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे तर लॉग 180 दिवस जपायचे असतात आणि घटना कळली की 6 तासांत कळवायचं असते. म्हणून नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायची सोय आहे का, ते तुझ्या सीनियरला विचार. विचारायला लाजू नको, त्यांनाही नीट माहीत नसण्याची शक्यता आहे.

आणि कॉन्फिगमध्ये ‘डिसेबल्ड’ लिहिणं तर अजिबातच नको. परमिसिव्हमध्ये निदान नव्या फाइलींना लेबलं लागत राहतात. पूर्ण बंद असताना बनलेल्या फाइली लेबलाविना राहतात, आणि पुन्हा चालू करताना अख्ख्या डिस्कचं लेबलिंग नव्यानं करावं लागते. मोठ्या सर्व्हरवर त्याला किती वेळ लागेल याचा नेम नाही, आणि तोवर फोन तुझाच वाजत राहील.

आज एवढंच कर. सेटएन्फोर्स एक करून ये, मग रिस्टोरकॉन. एजंट चालू झाला तर टीई फाइल लिहायचीच नाही. नाही झाला तर नवी ओळ मला पाठव, पण या वेळी फोटो नको, मजकूर पाठव. त्या फोटोत अर्धी ओळ तुझ्या चहाच्या कपामागं होती.