मीठ, साखर आणि पाणी
ढाळ लागलेल्या रोग्यास पाणी देऊ नये, असा समज कित्येक ठिकाणी आहे. तो घातक होय. आतड्याचे अस्तर सूक्ष्म पेशींचे असून प्रत्येक पेशीस पातळ पडदा असतो. पटकीच्या विषाने पेशींतील क्षार बाहेर वाहू लागतात, पाणी त्यांच्यामागे जाते, आणि रोगी काही तासांत सुकून जातो. परंतु त्या पडद्यात एक द्वार असे आहे की ते या विषाने बंद होत नाही. त्यातून द्राक्षशर्करेचा एक कण आत जातो तो मिठातील सोडियमचे दोन कण बरोबर घेऊनच. मग पाणीही पाठोपाठ येते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली दाखविली. १९७१ साली बंगालातील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मिश्रण पाजविले. मृत्यू शेकडा सुमारे ३० होते, ते ४ च्या आत आले.

दवाखान्यातील पुडी मिळाल्यास उत्तमच. नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे (चहाचे) व मिठाचा अर्धा घालावा. मुलास गोड लागावे म्हणून साखर वाढवू नये. ती उलट पाणी आतड्यात ओढते. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट पाजावे. पिणेच बंद झाले, तर तत्काळ दवाखाना गाठावा.