आधी तोल, मग वाच

भाचेबुवा, जुन्या नाण्यांचा डबा तुझ्या हवाली करतोय, पण चिंचेला हात लावायचा नाही. चांदीवरचा काळपटपणा, तांब्यावरची तपकिरी झाक, जाणकार तेच बघतो. राखेनं घासून चकचकीत केलेल्या नाण्याचा भाव निम्म्यावर आलाच समज. फार तर साध्या पाण्यात बुडव, मऊ कापडानं टिपून घे. आणि धरायचं ते कडेला.

राजाराणीचं तोंड नंतर बघ, आधी तोल. व्हिक्टोरियापासूनचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. (हल्लीचे सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, ते सोड.) वापरून झिजला तर किंचित कमी भरेल, अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरला तर शंका घे. १९४० ते ४५ चा रुपयाही तेवढाच भरतो, पण त्यात चांदी निम्मीच. कडेच्या रेघांत मधोमध खाच दिसली की ओळख. १९४७ चा तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो. बुधवारी-रविवारी नदीपलीकडे जुन्या बाजारात जाशील तेव्हा खिशात चुंबक असू दे. विक्रेत्यासमोर तो नुसता बाहेर काढला तरी भाव उतरतो.

साल वाचलंस की सालाखाली ठिपका शोध. बहुतेकदा ती मुंबई टांकसाळीची खूण असते, कलकत्त्याला खूण नसते. एकाच सालाचा भाव टांकसाळीवरून बदलतो. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली आणि बहुतेक माल वितळवला. गोष्ट झकास आहे, पण गोष्टीचे पैसे मोजू नकोस. तो रुपया अजून मिळतो. १९३९ चा मात्र खरा दुर्मिळ, म्हणूनच ८ चा ९ केलेले फिरतात. भिंगाखाली शेवटचा आकडा बघ. उलट, भोकाचा पैसा ढिगानं मिळतो.

शिवराईवर अक्षरं पूर्ण आणि गोल रेखीव असतील तर तिथंच ठेव. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे खऱ्या शिवराईवर 'श्री राजा शिव' बहुधा अर्धवटच उमटलेलं असतं. शिवाय पेशवाईतही शिवराया पाडल्या जात होत्या. प्रत्येक शिवराई महाराजांच्या हातातली नसते.

१८१८ चा, रामदरबाराचा 'अर्धा आणा' कुणी दाखवला तर काढता पाय घे. ईस्ट इंडिया कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढणारं नाणं म्हणणारा तर चोरच. फोनवर रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुन्या नाण्यांच्या सौद्यासाठी कमिशन मागितलं तर फोन ठेव. बँकेनंच २०२१ मध्ये जाहीर केलंय की आपण असले व्यवहार करत नाही.

फारच जुनं काही हाती आलं तर आपल्या येरवड्यातच डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग आहे, तिथं विचार. पण जमिनीत पुरलेलं सापडलं तर डब्यात टाकू नकोस. १८७८ चा कायदा अजून आहे. दहा रुपयांवरचा ऐवज निघाला तरी कलेक्टरला कळवावं लागतं.