सुकलेली अळंबी खावी का?

प्रश्न : यंदा आश्विन कोरडा गेला. वारुळाजवळ सुकलेली अळंबी मिळाली. सोबत उकळलेली लसूण काळी पडली नाही. मग ती अळंबी खाता येईल ना? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : लसणीच्या रंगाचा विषाशी काहीही संबंध नाही. अमॅनिटा गटातल्या अळंबीचे घातक विष उकळूनही टिकते. वारुळावरची खरी अळंबी पावसाळ्यातली. तिचा देठ मुळासारखा लांबत थेट खाली वाळवीच्या घरापर्यंत पोचतो. कोरड्या हवेत छत्री आक्रसते, रंग उडतो, देठावरची कडी गळून पडते. ओळखीच्या खुणाच उरत नाहीत. त्यामुळे अशी अळंबी जागेवरच सोडावी. चवीसाठी बाजारातली धिंगरी उत्तम. चुकून ती सुकलेली अळंबी खाल्ली गेलीच आणि सहा तासांनंतर उलट्या-जुलाब सुरू झाले, तर धोका मोठा असतो. उरलेली अळंबी सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.