बालकांचा पहिला चष्मा : चिकित्सकाचे कर्तव्य आणि औषधालयाची मर्यादा

“डॉक्टरसाहेब, आपल्या दवाईनं पोरीचा चष्मा जाईल ना?” शाळेतील तपासणीची चिठ्ठी हाती घेऊन आलेला पालक बहुधा हाच प्रश्न विचारतो. सिंदेवाही तालुक्यात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्याने तो ऐकला असेल. या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो, त्यावर त्या बालकाची दृष्टी अवलंबून असू शकते, याची जाणीव मला उशिरा झाली. ज्या रुग्णामुळे ती झाली, त्याचे वृत्त प्रथम देतो.

२०१४ साली जंगलालगतच्या एका गावातील धान उत्पादक शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. शिरःशूल, वाचताना डोळ्यांतून पाणी येणे आणि अभ्यासाचा कंटाळा ही लक्षणे होती. मी भिंतीवरील तक्ता वाचावयास सांगितला. तिने शेवटची ओळही अचूक वाचली. दृष्टी उत्तम असल्याचा निर्वाळा देऊन मी त्रिफळा घृत व सप्तामृत लोह सुरू केले. शिरःशूल थोडा कमी झाला, म्हणून दहा महिने तेच चालू ठेवले. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले. पथकातील वैद्याने तिचा डावा डोळा झाकला, तेव्हा उजव्या डोळ्याने तिला तक्त्यावरील सर्वांत मोठे अक्षर तेवढे ओळखता आले. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासले होते. चूक एवढीच होती, परंतु ती लहान नव्हती.

तिच्या उजव्या डोळ्यात अधिक पाच डायॉप्टरची दूरदृष्टिता होती. डावा डोळा जवळजवळ निर्दोष होता. अशा स्थितीत मेंदू स्पष्ट प्रतिमा देणाऱ्या डोळ्यावरच विसंबतो आणि दुसऱ्या डोळ्याची पाहण्याची क्षमता विकसितच होत नाही. यालाच मंददृष्टी, व्यवहारात ‘आळशी डोळा’, म्हणतात. सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत उपचारांचा लाभ सर्वाधिक होतो, त्यानंतर तो घटत जातो. म्हणून बालकाच्या बाबतीत चष्मा हे केवळ पाहण्याचे साधन नव्हे. दृष्टीच्या वाढीसाठी ती चिकित्साच आहे. प्रौढाने चष्मा वर्षभर पुढे ढकलला तर त्याची गैरसोय होते. बालकाची जी हानी होते, ती पुढे भरून निघेलच असे नाही.

आता शास्त्राकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दोष दृष्टीच्या पटलांत शिरल्यावर होणारी लक्षणे क्रमाने आली आहेत. द्वितीय पटलाच्या वर्णनात दूरचे रूप जवळ व जवळचे दूर भासणे, तसेच सुईचे छिद्र न दिसणे ही लक्षणे आढळतात. त्यावरून अनेक अध्यापक निकटदृष्टितेचा अंतर्भाव तिमिरात करतात. वर्गीकरण म्हणून त्याला माझा विरोध नाही. परंतु तिमिराची चिकित्सा जशीच्या तशी शाळकरी मुलाच्या चष्म्याच्या नंबरास लावणे मला युक्तिसंगत वाटत नाही. नवजात बालकाचे नेत्रगोलक पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असते, प्रौढाचे सुमारे २४. ही वाढ प्रमाणाबाहेर झाली की प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. एका मिलिमीटरच्या फरकाने अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर येतो. लांबलेले गोलक कोणत्याही घृताने आखूड होत नाही. त्रिफळा घृत चक्षुष्य व रसायन म्हणून अग्निबल पाहून अवश्य द्यावे, पण ते चष्म्यासोबत, चष्म्याऐवजी नव्हे.

‘नंबर कमी झाला’ असा अनुभव काही वैद्यमित्र सांगतात. त्यामागे बहुधा दोन कारणे असतात. लहान वयातील सौम्य दूरदृष्टिता गोलकाच्या वाढीबरोबर स्वभावतःच कमी होते. दुसरे असे की औषधाचे थेंब न घालता तपासणी केल्यास मूल डोळ्यावर ताण देऊन पाहते आणि खोटा ऋण नंबर येतो. पुढील तपासणीत तो नाहीसा होतो आणि श्रेय औषधास मिळते. म्हणून बालकाचा पहिला नंबर नेत्रतज्ज्ञाकडून, थेंब घालूनच काढून घ्यावा. त्यासाठी ॲट्रोपीन वापरले असेल, तर बाहुली कित्येक दिवस विस्फारलेली राहते आणि जवळचे अंधुक दिसते. पालक घाबरून आपल्याकडेच येतात. धोतऱ्याचे बी खाल्लेल्या मुलाचे डोळे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे समजावणे अवघड नाही; ॲट्रोपीन धोतऱ्यातही असते.

चिकित्सालयातील तपासणीस फारसा खर्च नाही. इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता सहा मीटरवर, चांगल्या उजेडात लावावा; निरक्षर मूलही बोटांनी दिशा दाखवू शकते. एकेक डोळा तळहाताच्या खोलगट भागाने, न दाबता झाकावा आणि मूल बोटांच्या फटीतून पाहत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. ६/९ ची ओळ वाचता न आल्यास जाड कागदास सुईने छिद्र पाडून त्यातून वाचण्यास सांगावे. छिद्रातून स्पष्ट दिसले, तर दोष बहुधा चष्म्याने सुधारणारा असतो. न सुधारल्यास शंका अधिक गंभीर घ्यावी. डोळा तिरळा असेल किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. संध्याकाळनंतर अडखळणाऱ्या मुलास चष्म्याच्या रांगेत उभे करण्यापूर्वी जीवनसत्त्व ‘अ’ च्या अभावाचा, म्हणजे रातांधळेपणाचा, विचार व्हावा.

पूर्ववृत्त घेताना आपल्या भागातील प्रश्न विचारावेत. ‘फळा दिसतो का?’ याला मूल ‘हो’च म्हणते, कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. त्यापेक्षा दिवाळीनंतर मंडईत झाडीपट्टीचे नाटक पाहताना ते सरकत सरकत रंगमंचाच्या पायथ्याशी जाते का, रस्त्यावरून येणारा काका हाक मारल्याशिवाय ओळखू येतो का, हे पालकांना विचारावे.

खेड्यातील मुलांना चष्मा लागत नाही हा समज खरा नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत निकटदृष्टितेचे प्रमाण दिल्लीतील शहरी मुलांत ७.४ टक्के, तर महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ४.१ टक्के आढळले. प्रमाण कमी खरे, पण तपासणीची सोयही तितकीच कमी. प्रतिबंधाच्या दृष्टीने चीनमधील ग्वांगझू येथील प्रयोग महत्त्वाचा आहे. तेथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक मैदानावर नेले. तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टिता होण्याचे प्रमाण इतर शाळांत ३९.५ टक्के, तर या शाळांत ३०.४ टक्के राहिले. हा अहवाल २०१५ सालचा. आपल्याकडे वाघाच्या भीतीने मुलांना सांजवेळी घरात घ्यावेच लागते. म्हणून मैदानाचा तास शाळेच्या वेळेत, भर उजेडात असावा असे मुख्याध्यापकांना सुचवावे. मात्र याने लागलेला चष्मा जात नाही, हेही पालकांना सांगावे.

औषधालय चालकांना एक विनंती. ‘चष्मा घालवा’ अशी पाटी लावून थेंब वा चूर्ण विकणे केवळ अशास्त्रीय नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये दृष्टी सुधारण्याचा दावाही निषिद्ध आहे. शिशाचा अंश असलेला सुरमा बालकांसाठी देऊ नये. मध किंवा कांद्याचा रस डोळ्यात घालण्याचा सल्ला काउंटरवरून दिला जातो, तोही थांबावा. त्याऐवजी चष्म्याच्या दांड्यांना बांधावयाची दोरी व बारीक स्क्रू ठेवावेत. मोहफुले वेचताना घसरून पडलेला चष्मा दुरुस्तीअभावी महिनोन्‌महिने कोनाड्यात पडून राहतो, हे मी पाहिले आहे.

पहिल्या आठवड्यात जमीन तिरकी भासते, पायरी चुकते. पालकांना आधीच सांगितले तर चष्मा परत जात नाही. भिंग काचेचे नसावे. ‘नंबर वाढू नये म्हणून’ कमी नंबर देण्याची प्रथा जुनी आहे. २००२ साली मलेशियातील अभ्यासात अशा मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढला. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत गरजू विद्यार्थ्यांना चष्मा विनामूल्य मिळतो. बाल स्वास्थ्य पथकांत आपलेच आयुष पदवीधर काम करतात. त्यांच्या चिठ्ठीचा आपण चिकित्सालयात बसून अवमान करू नये.

त्या मुलीच्या वडिलांना चष्म्यापेक्षा तिच्या लग्नाची चिंता अधिक होती. तासभर बोलल्यावर ते राजी झाले. चष्मा आणि डाव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, असा उपचार तज्ज्ञांनी दीड वर्ष केला. उजव्या डोळ्याची दृष्टी ६/६० वरून ६/२४ पर्यंत आली व तेथेच थांबली.