जखमेतील अळी कोणत्या माशीची?

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी आपल्या वृद्ध आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. आजींच्या नाकातून तीन दिवस रक्तमिश्रित पाणी येत होते व चेहऱ्याची एक बाजू सुजली होती. ‘डॉक्टरसाहेब, आत काहीतरी वळवळतंय म्हणते,’ मुलगा खालच्या आवाजात बोलला. नाकात आळ्या पडणे म्हणजे मागच्या जन्मीचे पाप, या समजुतीपायी घरच्यांनी ही गोष्ट शेजाऱ्यांपासूनही लपविली होती. वास्तविक आजींना नाक आतून कोरडे पडून खपल्या धरण्याचा जुना विकार होता. अशा नाकाला दुर्गंधी येते, ती रोग्याला स्वतःला कळत नाही. माशीला मात्र बरोबर कळते.

मी त्यांना तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. चिमट्याने काढलेल्या आळ्यांपैकी काही मागून घेतल्या. ‘माशी ती माशी, नाव कळून काय करायचंय?’ असे मुलाने विचारले. प्रश्न रास्त आहे. उमेदीच्या काळात मीही अशा आळ्या सरळ फेकून देत असे.

घरमाशीच्या आळ्या बहुधा सडलेल्या भागावरच जगतात. ‘क्रायसोमिया बेझियाना’ या माशीचे तसे नाही. तिच्या आळ्यांना जिवंत मांसच लागते. मादी जखमेच्या कडेला एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. ती एका दिवसाच्या आत फुटतात आणि आळ्या तोंड आत, शेपूट बाहेर अशा खोल घुसतात. पाच ते सात दिवस पोसल्यावर त्या मातीत पडून कोष करतात. नाकातून त्या डोळ्याच्या खोबणीकडे किंवा मेंदूकडे वळल्या, तर जिवावर बेतते. म्हणून ही अळी आहे असे दिसले, की एकदा साफ करून भागत नाही. रोज पुन्हा पाहावे लागते.

ही माशी निळसर हिरवी व चकचकीत असते. पण मासळीबाजारात घोंघावणारी तिची बहीण ‘क्रायसोमिया मेगासेफाला’ही तशीच दिसते. फरक बारीक आहे. पंखाच्या बुडाशी पापुद्र्यासारखी एक झडप असते. बेझियानाची ही खालची झडप मेणासारखी पांढुरकी, तर मेगासेफालाची काळपट तपकिरी. करडी मांसमाशी मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते : पाठीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन.

अर्थात जखमेत माशी सापडत नाही, अळी सापडते. बेझियानाच्या अळीभोवती काट्यांची कडी असतात, त्यामुळे ती आटे पाडलेल्या स्क्रूसारखी दिसते. तिच्या बोथट टोकाकडे श्वास घेण्याची दोन छिद्रस्थाने असतात. प्रत्येकात तीन सरळ फटी, आणि भोवतालचे कडे खालून अपुरे. घरमाशीच्या अळीत हे कडे पूर्ण व फटी नागमोडी असतात. मांसमाशीत ही स्थाने खोल खड्ड्यात दडलेली. मेगासेफालाशी गल्लत होऊ नये म्हणून पुढचे श्वासरंध्र पाहतात. बेझियानात त्याला साधारण चार ते सहा फाटे असतात, मेगासेफालात दहा किंवा अधिक. हे काम सूक्ष्मदर्शकाचे आहे. उपचार मात्र नावासाठी अडवून धरायचे नसतात.

अळी तपासणीला न्यायची असल्यास आधी कढत पाण्यात टाकावी, मग स्पिरिटमध्ये ठेवावी. थेट स्पिरिटमध्ये टाकल्यास ती आकसते आणि काळी पडते. जखमेत वा नाकात रॉकेल, फिनाईल, डांबरगोळीची पूड असले काहीही घालू नये. त्याने मांस भाजते, आणि अर्ध्या आळ्या आणखी आत पळतात. टर्पेंटाइन डॉक्टर वापरतात, पण ते त्यांच्याच हातून व्हावे. मधुमेही, अंथरुणाला खिळलेले व पायाची बधिर जखम असलेले रोगी यांची पट्टी रोज उघडून पाहावी आणि त्यांना दिवसाही मच्छरदाणीत निजवावे.

आजींच्या नाकातून चार दिवसांत चौऱ्याऐंशी आळ्या निघाल्या. दृष्टी वाचली. बाटलीतल्या आळ्या बेझियानाच्याच निघाल्या, तेव्हा मी मुलाला विचारले, ‘घरात एखादं जखमी जनावर आहे का?’ तो जरा थांबला. आजींच्या खाटेपासून दहा पावलांवर गोठा होता आणि त्यातल्या आठ दिवसांच्या वासराची नाळ चिघळली होती. त्याला मी तिथूनच जनावरांच्या दवाखान्यात धाडले.